भंगारातली झेन, एस्टीमचं इंजिन: एका सीझननंतरचा अनुभव

ऑटोक्रॉससाठी, म्हणजे कच्च्या मैदानात कोन मांडून घड्याळाविरुद्ध पळायच्या शर्यतीसाठी, स्वस्तात गाडी बांधायची असेल तर मारुती झेनचं शेल (नुसता सांगाडा) घ्यावं आणि त्यात एस्टीमचं इंजिन बसवावं. एक अख्खा सीझन ही गाडी मुरमात पळवल्यावर माझं मत पक्कं झालंय. ती फार वेगवान आहे असं नाही. पण हिचं काहीही मोडलं तरी रडू येत नाही. गिअरबॉक्स गेला, दुसरा आणायचा. दरवाजा चेपला, आतून लाथ घालून सरळ करायचा. नवीकोरी गाडी घेऊन येणारे ट्रॅफिक कोनजवळ आले की त्यांचा पाय आपोआप उचलला जातो. आमचा नाही. घड्याळात फरक पडतो तो तिथंच.

आम्ही तिघांनी मिळून कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये ही गाडी उभी केली. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथं लेथवाल्याला नमुना हातात दिला की तो नकाशा मागत नाही. हा फायदा प्रत्येक शहरात मिळेलच असं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

झेन आपल्याकडे १९९३ला आली, एस्टीम १९९४ला. दोघींची इंजिनं सुझुकीच्या एकाच जी घराण्यातली. झेनचं ९९३ सीसी, एस्टीमचं १२९८. त्यामुळे मोठं इंजिन छोट्या बॉनेटखाली फार कापाकापी न करता मावतं. कार्ब्युरेटरवाली झेन ५० बीएचपीची होती, एस्टीमचं नंतरचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंधन फवारणारं) इंजिन ८५ची. गाडीचं वजन मुळात साडेसातशे किलोच्या आसपास. सीटा, गालिचे, अस्तरं काढली आणि गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा (रोल केज) घातला, की हिशेब जवळपास तिथंच राहतो. शिवाय हेच इंजिन जिप्सीतही होतं, त्यामुळे रिंगा, बेअरिंग, गॅस्केट अजून काउंटरवर मिळतात. भंगारातून गाडी बांधताना वेगापेक्षा ही गोष्ट मोठी.

इंजिन घ्यायला कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडच्या बाजारात इंजिनं ढिगानं असतात आणि प्रत्येक इंजिन म्हणे "चालू गाडीतनं काढलेलं" असतं. ते सोडा. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवा. दुधाळ कॉफीसारखा चिकट थर लागला तर पाणी आणि ऑइल एक झालंय, पुढच्या दुकानात जा. पुलीला पाना लावून क्रँक हातानं पूर्ण फिरवा, कुठं अडकायला नको. बॅटरी आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) स्वतःचं न्या. आकडा किती येतो त्यापेक्षा चारही सिलिंडरांत १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नाही ना ते बघा. गेज काढल्यावर दुकानदाराची भाषा आणि भाव दोन्ही मऊ होतात.

इंजिनासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि अख्खं वायरिंग त्याच गाडीचं घ्या, एकही वायर कापू देऊ नका. इमोबिलायझरवाला (चोरी रोखणारा) ईसीयू असेल तर किल्लीशिवाय तो नुसता डबा. आणि शेल कार्ब्युरेटरच्या काळातलं असेल तर टाकीत पंप नसतो. एमपीएफआयला दाबानं पेट्रोल लागतं, त्यामुळे नंतरच्या झेनची टाकी पंपासकट बसवावी लागते. आम्ही तेच केलं.

शेल अठरा हजारांना, इंजिन-गिअरबॉक्स-वायरिंग मिळून पंचवीसच्या घरात. इथवर सगळं भंगार. मग पिंजरा आला आणि बजेटची भाषा बदलली. रोल केजला आम्ही नवा सीमलेस (बिनशिवणीचा) पाइप घेतला. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यास आणि अडीच मिमी जाडी लागते, बाकीच्या पाइपांना ३८ आणि अडीच. पाण्याच्या जीआय पाइपचा पिंजरा करून देणारे वेल्डर गल्लोगल्ली आहेत, निम्म्या पैशात. तो पाइप शिवणीवर उकलू शकतो, आणि जस्ताचा थर न काढता वेल्डिंग केलं तर वेल्डही भुसभुशीत. सीट, हार्नेस (शर्यतीचा सीटबेल्ट), हेल्मेट, अग्निशामक, ब्रेकचे होज हेही सगळं नवंच. जुना हार्नेस दिसायला ठणठणीत असतो, पण एफआयएच्या पट्ट्यांवर मुदत छापलेली असते, आणि ऊन खाल्लेल्या धाग्याचा भरवसा नाही. अमेरिकेत २००६पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची खटारा गाड्यांची शर्यत चालते. तिथं गाडीला ५०० डॉलरची मर्यादा, पण सुरक्षेचं सामान, टायर आणि ब्रेक त्या हिशेबात धरत नाहीत. नियम करणाऱ्याला गिऱ्हाईक बरोबर कळलेलं दिसतंय. आमच्याकडे सुरक्षेचा खर्च बाकीच्या सगळ्या गाडीपेक्षा जास्त झाला.

आता वापराबद्दल. सुरुवातीलाच छळलं ते ऑइलनं. लांब डावं वळण दाबून घेतलं की डॅशवरचा लाल दिवा लुकलुकायचा. संपमधलं (इंजिनाखालच्या टाकीतलं) ऑइल एका बाजूला धावतं, पिकअप (ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो, आणि बेअरिंगना तेवढ्या सेकंदापुरतं काहीच मिळत नाही. रस्त्यावर इतकं जोरात कोणी वळत नाही, म्हणून तिथं हे कळत नाही. संप उतरवून आत पत्र्याचे आडोसे वेल्ड केले, पिकअपभोवती चौकट केली. दिवा गप्प झाला. हे काम इंजिन बाहेर असतानाच उरकून घ्या, नंतर पाठीवर झोपून करायला लागतं.

दुसरं, तापणं. झेनचा रेडिएटर या इंजिनाला पुरत नाही. शिवाय ऑटोक्रॉसमध्ये धाव संपली की गाडी उन्हात रांगेत उभी, समोरून वारा नाही. एकदा काटा वर गेला आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं. लेथवाल्या मामांनी हेडवर पट्टी उभी धरली, मागं ट्यूबलाइट, आणि पट्टीखालून येणारी उजेडाची फट मला दाखवली. "घासून देतो दादा, पण आणि एकदा तापवलासा तर माझ्याकडं आणू नकासा." त्यानंतर एस्टीमचा रेडिएटर बसवला, पंख्याला डॅशवर वेगळं बटण दिलं. धाव संपली की चावी बंद, पंखा चालू. परत मामांकडे जायची वेळ आली नाही.

ब्रेकबद्दल तक्रार नाही. एस्टीमचे पुढचे डिस्क, मागं ड्रमच. ड्रममध्ये मुरूम शिरतो, दर इव्हेंटनंतर उघडून झाडावा लागतो. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचं घाला. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, डॉट ३चा २०५. आणि पावसाळ्यानंतर ते बदलाच, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि आपल्याकडच्या पावसात जरा जास्तच पितं.

चालवायला गाडी हलकी आणि भांडखोर आहे. पुढच्या चाकांची ओढ असल्यामुळे आखूड वळणात आतलं चाक नुसतं भिरभिरतं. तिथं हँडब्रेक ओढून शेपूट फिरवायची आणि मगच ॲक्सिलरेटर. पॉवर स्टीअरिंग नाही. संध्याकाळपर्यंत दंड भरून येतात.

कागदाचं शेवटी लिहितोय, पण करायचं आधी. शेल घेताना आरसी रद्द झाल्याचा पुरावा आणि पावती मागा, चासी नंबर जुळवा. कागद नसलेला पत्रा फुकट मिळाला तरी नको, तो कुणाच्या दारातून उचललेला असेल सांगता येत नाही. ही गाडी रस्त्यावर अजिबात आणायची नाही, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा. झेन साडेतीन मीटरची, चौदा फुटी टेम्पोत आरामात बसते. टेम्पोचं भाडं मात्र दरवेळी बजेटमध्ये धरा, वर्षाअखेरीस तोच आकडा डोळ्यात येतो. टायर त्याच्या खालोखाल.

सध्या दुसरा गिअरबॉक्स टेबलावर उघडून ठेवलाय. दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणारी कडी) संपली, कारण आमचं सगळं आयुष्य पहिल्या-दुसऱ्यातच जातं. रिंग नवी आणलीय, बेअरिंग भंगारातल्या तिसऱ्या बॉक्समधून निघाले. दिवाळीच्या आत बसवायचा विचार आहे. तोपर्यंत कुणाला कार्ब्युरेटरवाल्या झेनची टाकी हवी असेल तर आमच्याकडे पडून आहे, गंज नाही, नेणाऱ्याची.