दोन वायरींच्या जुन्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट: एका हिवाळ्याचा अनुभव

स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे घर गरम ठेवणारा बॉयलर कधी पेटवायचा ते ठरवणारं भिंतीवरचं वायफाय यंत्र, ऑक्टोबरात बसवला तेव्हा मी याला पाचपैकी पाच तारे दिले असते. जानेवारीत बाहेर पारा 10 फॅरनहाइटवर (साधारण उणे 12 सेल्सिअस) असताना मध्यरात्री स्क्रीन काळी पडली आणि तळघरातला बॉयलर गप्प झाला. भारतातून आलेली आई स्वेटरवर शाल आणि वर गोधडी घेऊन बसून राहिली. तेव्हापासून माझा सगळा राग एकाच गोष्टीवर आहे: सी वायर.

न्यू जर्सीतलं आमचं घर 1950च्या दशकातलं. गॅसचा बॉयलर, गरम पाण्याचे बिडाचे रेडिएटर. भिंतीवर हनीवेलचा तो गोल थर्मोस्टॅट होता. त्याला स्वतःसाठी वीज लागतच नाही. आतली पाऱ्याची नळी कलली की दोन वायरी जोडल्या जातात आणि बॉयलर पेटतो. म्हणून अशा घरांत भिंतीतून दोनच वायरी येतात, आर (वीज आणणारी) आणि डब्ल्यू (बॉयलरला पेटायला सांगणारी). स्मार्टला मात्र स्क्रीन आणि वायफायसाठी 24 व्होल्ट सतत हवेत, आणि त्या विजेची परतीची वाट म्हणजे सी वायर.

स्मार्ट थर्मोस्टॅटच्या कंपनीच्या साइटवर दोन वायरी निवडल्या तरी ‘चालेल’ असंच उत्तर येतं. चालतो कसा, ते कोणी सांगत नाही. बॉयलर बंद असताना हा डब्ल्यूच्या सर्किटमधून थेंब थेंब वीज घेऊन आतली बॅटरी भरतो. बॉयलर सुरू झाला की आर आणि डब्ल्यू एकमेकांना जोडलेले. मग चार्जिंगला व्होल्टेज उरणार कुठून? म्हणजे थंडी जितकी कडक आणि बॉयलर जितका जास्त वेळ चालू, तितकी बॅटरी खाली. ज्या रात्री ऊब हवी, नेमका त्याच रात्री हा मान टाकतो. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ घरात असेल तर ही गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवी.

कस्टमर केअर म्हणालं, काढून यूएसबीवर चार्ज करा. मग त्यांनीच सुचवलेला माणूस आला, टॉर्च मारून पाहिलं, भिंत फोडून नवी वायर टाकायचे 600 डॉलर सांगितले आणि नुसत्या भेटीचे 125 घेऊन गेला. मी भिंत फोडू दिली नाही.

आमच्या बॉयलरच्या कंट्रोलवर टी आणि टी असे दोनच स्क्रू आहेत, सी नाहीच. तेव्हा तळघरातल्या प्लगला 24 व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लावला. जुनी वायर ज्या भोकातून वर जाते तेच थोडं मोठं करून फिश टेपने (वायर ओढायची लवचिक पट्टी) दोन तारांची नवी केबल वर ओढली. तिची एक तार थर्मोस्टॅटच्या आरसीला (कूलिंगच्या विजेची जागा), दुसरी सीला. बॉयलरच्या जुन्या दोन वायरी आरएच (हीटिंगच्या विजेची जागा) आणि डब्ल्यूवर. खर्च 40 डॉलरच्या आत.

यानंतर माझं मत बदललं, हेही लिहायला हवं. फेब्रुवारीतल्या बर्फातही स्क्रीन एकदा विझली नाही. सेटिंगमध्ये हीटिंगचा प्रकार ‘फोर्स्ड एअर’ (पंख्याने गरम हवा सोडणारा) होता, तो रेडिएटर केल्यावर खोली आधी उकडायची आणि मग गार पडायची, तेही थांबलं. पहाटे आई उठते तेव्हा रेडिएटर तापलेले असतात.

जुना गोल थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका, आत पारा असतो. आमचा काउंटीच्या घातक कचऱ्याच्या संकलनासाठी डब्यात बंद करून ठेवलाय.

यंत्राला पाचपैकी चार तारे, कंपनीच्या त्या ‘चालेल’ला एकही नाही. भेटीचे 125 डॉलर मी लेखी परत मागितलेत, अजून उत्तर नाही.