लिनक्सला नास जोडून देतो म्हणाला आणि 52,260 रुपये घेऊन गेला

आधीच सांगतो, लॉटरी लागली म्हणून लिंक उघडणाऱ्यातला मी नाही. ओटीपी कुणाला देऊ नका हे घरात सगळ्यांना मीच बजावत असतो. तरी गेले. आधी 2,360, मग 49,900.

झालं असं की विंडोज फारच रडत होतं म्हणून जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम, त्यातलं उबंटू 24.04. घरात एक जुना नास आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा, लग्नापासूनचे सगळे फोटो त्यात. तो काही केल्या माउंट होईना, म्हणजे पीसीला जोडला जाईना. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सारखं एकच, माउंट एरर 112, होस्ट इज डाउन. आता डाउन म्हटल्यावर माणूस काय समजणार? डबा गेला, फोटो गेले. पिंग होत होता, म्हणजे नेटवर्कवर हाकेला ओ देत होता, मोबाईलच्या ॲपवर फोटो दिसतही होते, पण धाबं दणाणल्यावर एवढा विचार कोण करतं. कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. वर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं ते आता दिसतंय.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे, गोड बोलणं, तिकीट नंबर, रिमोट ॲप टाका. माझी झोप उडवलीय ती एका वाक्याने. तो म्हणाला विंडोजचं बटण आणि आर दाबा. मी म्हटलं अहो लिनक्स आहे. तर विचारतो, "कोणतं सर, 10 का 11?" 10 आणि 11 विंडोजचे असतात! मी म्हटलं 24.04. जरा वेळ गप्प, मागे कुणाशी तरी कुजबुज, आणि मग "हां सर तेच, लेटेस्ट." तिथेच फोन आपटायला हवा होता! पण हेल्पलाइनवाल्यांना लिनक्स कळत नाही याची आपल्याला इतकी सवय झालीय की मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. वर त्याचं ॲप वेलँडवर, म्हणजे उबंटूच्या स्क्रीन दाखवायच्या नव्या पद्धतीवर, चालेना, त्याला स्क्रीन दिसेना, तर लॉगआउट करून, खालच्या गिअरवर क्लिक करून 'उबंटू ऑन एक्सऑर्ग' ही जुनी पद्धत निवडून त्याला आत घेणारा कोण, तर मीच.

मग म्हणे लिनक्ससाठी कनेक्टर लायसन्स लागतं, 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी. नास जोडायला लागणारं सीआयएफएस-युटिल्स हे सॉफ्टवेअर फुकट असतं हो! टर्मिनलवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल केलं की येतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर तो चोर. यूपीआयवर कंपनीच्या ऐवजी कुणा बाईचं नाव आलं, ते "अकाउंट्सच्या मॅडम" म्हणून खपवलं. मग पेमेंट अडकलंय, रिफंड देतो, नेटबँकिंग उघडा. स्क्रीन काळी, "अपडेट चालू आहे, हात लावू नका", आणि त्यावर ओटीपीची चौकट. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, माझ्याच कॉम्प्युटरवर टाकला, आणि 49,900 गेले. नोटिफिकेशनमध्ये ओटीपीचे आकडे आधी दिसतात, रक्कम खाली दडते. मेसेज पूर्ण उघडून वाचा.

हे बँकेला सांगून बघा. "ओटीपी तुम्हीच टाकला ना", संपलं. त्याच संध्याकाळी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेला मेल केला, आरबीआयच्या 2017 च्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन गेलो, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर काय ते त्यात लिहिलंय, तर मॅनेजर बाई म्हणतात ते ग्राहकाची चूक नसेल तेव्हा. पोलीस ठाण्यात गेलो तर सायबरला जा, सायबरला गेलो तर रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यातून पत्र आणा, आणि ठाण्यातल्या हवालदार साहेबांनी जबाबात लिहिलं काय तर हार्ड डिस्क चोरीला गेली! ते खोडून घ्यायला परत अर्धा दिवस. 11,400 रुपये समोरच्या खात्यात गोठवलेत म्हणे, पण ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर मलाच आणायला सांगितली. पैसे माझे, चोर सापडत नाही, आणि वकील मी करायचा. बँकेने 30 दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, तेवढं तरी करा, मी केलीय.

आणि मूळ दुखणं काय होतं? जुना डबा फक्त एसएमबी 1 बोलत होता, म्हणजे नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी भाषा. 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी 1 मधल्या भोकातून पसरला, आणि त्याच वर्षापासून लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आपणहून ते वापरत नाही, म्हणून होस्ट डाउन. ऑफिसातल्या एका पोराने फोनवरच सोडवलं, नासच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी 2 चालू कर म्हणाला. तो पर्यायच नसेल तर माउंटच्या ओळीत व्हर्स=1.0 लिहायचं, म्हणजे एसएमबी 1 च वापर असं सांगायचं, पण फक्त घरच्या नेटवर्कवर. पासवर्ड एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलीत, उघडा ठेवू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा आणि तिची परमिशन 600 करा, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येईल.

रिमोट ॲप काढलंत तरी सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. मी तर उबंटू पुसून नव्यानेच टाकलं.

काल एकाचा फोन आला, सायबर रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे 52,260 मंजूर झालेत, प्रोसेसिंगचे 1,500 आधी भरा. आकडा अचूक सांगत होता हरामखोर.