हातात दिलेली जुनी सीलं दुसऱ्याच गाडीची होती

ठाण्यात कापूरबावडीच्या पुढे, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये दीडशे सीसीची गाडी दिली होती. तक्रार एकच: पुढच्या शॉकअपमधून तेल गळतंय. चाळीस मिनिटांत गाडी तयार. बिल १,९४० रुपयांचं, त्यात दोन्ही बाजूंची ऑइल सीलं (पाइपभोवती बसून तेल आत अडवणाऱ्या कड्या), डस्ट सीलं (त्यांच्यावर बसून धूळ अडवणाऱ्या कड्या), फोर्क ऑइल (शॉकअपमधलं तेल) आणि लेबर. शॉकअपचे पाइप लख्ख पुसलेले, गळती बंद. वर 'बघा, ही तुमची जुनी' म्हणून दोन काळवंडलेली सीलं कागदात गुंडाळून दिली. अकराव्या दिवशी उजव्या पाइपवर पुन्हा तेलाची ओली कडी उमटली.

आधी ती कागदातली सीलं बघू. प्रत्येक ऑइल सीलच्या चेहऱ्यावर माप कोरलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. या सीलांवर ३३ आणि ४६ होतं. गाडीचा पाइप व्हर्नियरने मोजला तर ३१ मिमी. ३३ चं सील ३१ च्या पाइपवर एक दिवसही तेल धरणार नाही. म्हणजे गॅरेजमध्ये जुन्या सीलांचा एक डबा असतो आणि त्यातली कुठलीही जोडी 'पुरावा' म्हणून हातावर ठेवली जाते.

मग शॉकअप उघडला. टी म्हणजे हँडलखालचा, दोन्ही पाइप धरणारा जोड. त्यात पाइप आवळणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवरचा गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूणही नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या. सील म्हणजे अखंड कडी आहे. ती पाइपच्या टोकावरूनच निघते किंवा चढते: एकतर पाइप टीमधून खाली ओढावा लागतो, नाहीतर बॉटमच्या (पाइप ज्यात खालीवर सरकतो त्या खालच्या नळीच्या) तळाचा एलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) उघडून बॉटम पाइपवरून उतरवावं लागतं. बॉटमच्या खालचा एलन बोल्ट न उघडता सील वर उचकटून काढणारे काही मेकॅनिक आहेत, त्यामुळे नुसती एकच जागा बघून निकाल देऊ नका. तेल मात्र खोटं बोलत नाही. आतलं तेल मोजलं: उजवीकडे ११० मिली, डावीकडे १५० मिली, रंगाने काळं आणि तळाशी गाळ. फोर्क ऑइलही बदललेलं नव्हतं.

मग अकरा दिवस गळती थांबली कशी? पावसाळ्यात घोडबंदरला खड्ड्यांतला चिखल पाइपवर उडतो, वाळतो, आणि पुढच्या खड्ड्यात डस्ट सीलखालून आत ओढला जातो. वाळूचा एखादा कण सीलच्या ओठाखाली (पाइपला टेकणाऱ्या आतल्या कडेखाली) अडकला की तेवढ्या फटीतून तेल येतं, सील फाटलेलं नसलं तरी. डस्ट सील वर सरकवायचं, जुन्या एक्सरे फिल्मची आकड्यासारखी कापलेली पट्टी पाइप आणि ओठाच्या मधे घालून गोल फिरवायची, की कण बाहेर येतो. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. उपाय खोटा नाही, घरी पहिल्यांदा हेच करून बघावं. शंभर रुपये घेऊन हे केलं असतं तर तक्रार नव्हती. इथे मात्र ओठ आधीच झिजलेला होता, आणि साफसफाईचं बिल नव्या सीलांचं लावलं.

गाडी देण्यापूर्वी हे करा. पाइप आणि खालच्या टीच्या सांध्यावर, तसंच टीच्या बोल्टांवर आणि बॉटमच्या एलन बोल्टवर नेलपेंटची आडवी रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. एकही रेघ तुटली नसेल तर काम झालेलं नाही. नव्या सीलचं पाकीट मागा, त्यावरचं माप आणि एमआरपी बिलाशी ताडून बघा. चांगल्या हाताला दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन तास लागतातच. त्याहून खूप आधी गाडी परत आली तर रेघ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी करायचं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमतं. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, चाक काढा. कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, आणि तो बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबू नका. इथे क्रम महत्त्वाचा. वरच्या टीचा बोल्ट सैल करून पाइपच्या तोंडावरचा नट पाइप टीत असतानाच ढिला करायचा, कारण पाइप हातात आल्यावर तो धरायला जागा राहत नाही. खालचा एलन बोल्टही आत स्प्रिंग असेपर्यंतच ढिला करा. स्प्रिंगचा दाब गेला की आतला डॅम्पर रॉड बोल्टबरोबर गरगर फिरतो. नट शेवटच्या आट्यांवर आला की तळहाताने दाबून धरा, स्प्रिंग उसळते.

जुनं तेल बाहेर ओतून टाका आणि उरलेलं निघावं म्हणून पाइप आठ-दहा वेळा खालीवर करा. डस्ट सील, मग सील जागेवर धरणारं लॉक काढा. सील उचकटताना बॉटमच्या काठावर जाड कापड ठेवा. स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा आतल्या भिंतीवर पडला तर नवं सीलही बाहेरच्या कडेने गळेल. पाइपवर नख फिरवा. खाडीच्या हवेत उघड्यावर उभ्या गाड्यांच्या पाइपचा क्रोम नेमका सील फिरतं त्या पट्ट्यात गंजतो. बारीक टोक असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने जातं, नख अडकण्याइतका खड्डा असेल तर पाइपच बदलावा लागतो.

नवं सील चढवताना पाइपच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी घाला, नाहीतर धारदार कडेने ओठ कापला जातो आणि दोष मात्र कंपनीला जातो. आकडे वर, स्प्रिंगची बाजू खाली तेलाकडे. वर जुनं सील उलटं ठेवून पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोका. लॉकची खाच पूर्ण दिसली म्हणजे सील बसलं. खालच्या बोल्टला तांब्याचं वॉशर नवंच लावा. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच, बहुधा १० डब्ल्यू, आणि दोन्ही बाजूंना मोजपात्राने अगदी सारखं. इंजिनचं उरलेलं २०डब्ल्यू४० ओतू नका. ते फार जाड पडतं आणि शॉकअप दगडासारखा होतो.

एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. गळलेलं तेल बॉटमवरून ओघळून थेट पुढच्या डिस्कवर येऊ शकतं. या गाडीचे ब्रेक पॅड तेलाने भिजले होते आणि गॅरेजने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. असे पॅड धुऊन वापरायचे नसतात, फेकायचे.

'पाइप बेंड आहे, बदलावा लागेल' हा याच दुकानदारीचा दुसरा प्रकार. हँडल तिरकं दाखवून सांगतात. पण किरकोळ आपटल्यावर पाइप बहुतेकदा टीमध्ये नुसते पिळलेले असतात. टीचे बोल्ट आणि अ‍ॅक्सल सैल करून चाक सरळ केलं की झालं. खात्री हवी तर पाइप बाहेर काढायला सांगा आणि जाड काचेवर लोळवा. बेंड असेल तर खालून प्रकाशाची फट उघडझाप करताना दिसते.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नेलपेंटच्या रेघेचे आधीचे-नंतरचे फोटो, छापील बिल आणि सीलवरचा आकडा कामी येतो. या प्रकरणात बिल कच्च्या चिठ्ठीवर होतं, पण पैसे यूपीआयने दिलेले असल्यामुळे तारीख आणि रक्कम हाताशी होती. ३३ आकड्याची सीलं गल्ल्यावर ठेवल्यावर गॅरेजने १,६०० रुपये परत केले. उरलेले ३४० 'लेबरचे' म्हणून धरून ठेवले.