पार्किंगचे पेव्हर ब्लॉक: पैसे खातात ते खालच्या थरात

गेटपासून पोर्चपर्यंतचे पेव्हर ब्लॉक मे महिन्यात बसतात, छान दिसतात आणि ठेकेदार शेवटचा हप्ता घेऊन जातो. जुलैत गाडीची चाकं जातात तिथे दोन सरळ चर पडतात, पाणी साचतं. फोन केला की उत्तर ठरलेलं: "साहेब, तुमची जमीनच काळी, आम्ही काय करणार?" जमीन काळी आहे हे त्याला पहिल्या दिवशीही दिसत होतं.

चरातला एक ब्लॉक पहारीनं उचलून बघा. खाली चार इंच ओली कच (दगडाचा बारीक चुरा), त्याखाली थेट काळी माती. बोट दाबलं तर आत जातं. कोटेशनमध्ये लिहिलेला 'सहा इंच मुरूम, दबाईसह' कुठेच नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. वर मुरुमाचा घट्ट थर नसेल तर ब्लॉक कितीही भारी घ्या, तो खचणारच. कचीचा थर फक्त लेव्हलसाठी असतो, एक ते दीड इंच. खोलगट जागा कचीनं भरून काढणं ही सगळ्यात सर्रास चालणारी चोरी आहे, कारण त्यात रोलरचं भाडं वाचतं.

हिशोब स्वतः करा. 80 मिमी ब्लॉकचे सव्वातीन इंच, कच दीड, मुरूम सहा: फिनिश लेव्हलपासून जवळपास अकरा इंच खोदाई हवी. 20 बाय 30 फुटांच्या जागेत सहा इंच मुरूम म्हणजे 300 घनफूट, तीन ब्रास. दबून तीन भरायला सुटा माल साधारण चार ब्रास लागतो. ट्रॉली म्हणजे ब्रास नव्हे. आत टेप लावा: 10 बाय 6 फूट आणि दीड फूट भर असेल तर 90 घनफूटच होतात. मुरूम तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, पाणी मारून दाबला पाहिजे. सहा इंच एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग पोकळच राहतो.

ब्लॉकमध्ये वेगळी लबाडी असते. सॅम्पल 80 मिमीचं, गाडीतून उतरतो 60 मिमीचा. दहा ब्लॉक एकावर एक रचा, 80 सेंटिमीटरच्या आसपास भरले पाहिजेत. खरं तर पाया नीट असेल तर घरच्या कारला 60 मिमीही चालतो. आयएस 15658 या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात हलक्या वाहतुकीला एम-35 (हा मजबुतीचा ग्रेड), 60 मिमी हीच शिफारस आहे. पण मग दरही 60 चाच लावायला हवा. कोटेशनवर नुसतं 'पेव्हर' लिहिलेलं असेल तर भांडायला काही उरत नाही. जाडी, ग्रेड, थर, कडेचा कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारी काठाची पट्टी) सगळं लिहून घ्या. कर्ब नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात.

उतार घराच्या प्लिंथपासून (जोत्यापासून) बाहेरच्या बाजूला, 20 फुटांना निदान पाच इंच.

निम्मी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. खोदाई झाली की एक हप्ता, मुरूम दाबून झाल्यावर टेपसह फोटो काढून दुसरा, ब्लॉक बसल्यावर तिसरा. दहा टक्के एका पावसाळ्यानंतर, हेही कागदावर हवं. पैसे बँकेतूनच द्या. आधीच फसला असाल तर ब्लॉक उचलून खालच्या थराचे फोटो आजच काढा, लेखी नोटीस द्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.