घरच्या ओट्स-बेदाणा कुकीज: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. या कुकीज घरी करणं परवडतं, जमतं आणि विकतच्या ‘ओट्स’ लिहिलेल्या बिस्किटांपेक्षा चव बरीच वरची येते. पण वजन उतरवायचं म्हणून कोणी ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, घ्यायला निघालं असेल तर जरा थांबा. एका घाण्याला बटरचा आख्खा 100 ग्रॅमचा पुडा जातो आणि साखर त्याहून जास्त. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, कोलेस्टेरॉल कमी करायला त्याची मदत होते, हे खरं. म्हणून सोबतचं बटर काही पथ्याचं होत नाही. हा गोड खाऊ आहे, नानकटाईच्या पंक्तीतला. आमच्या आईने पहिली कुकी खाऊन “साखर दिसतेय की भरपूर” म्हटलं, ते अगदी बरोबर होतं.

ओटीजी गेल्या दिवाळीत घेतला, 28 लिटरचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या यंत्रांचा स्वभाव थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, आत सोडून बघितलं. डायल 180 वर, आतलं तापमान मात्र दोनशेच्या आसपास चढायचं, मग थर्मोस्टॅटने वीज तोडली की 170 पर्यंत उतरायचं, पुन्हा वर. यात बिघाड काही नाही. आत द्विधातू पट्टीचा साधा थर्मोस्टॅट असतो, तो असाच झोके घेत चालतो. फक्त त्या झोक्याचा मध्य डायलवरच्या आकड्याशी जुळतोच असं नाही, आणि पाककृती लिहिणाऱ्याने 175 अंश लिहिलेले असतात ते त्या मध्याचे. आमच्याकडे डायल 170 च्या किंचित अलीकडे ठेवला की काम होतं. तुमच्याकडे वेगळं असेल.

थर्मोकपल प्रत्येकाच्या घरी नसतो. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, तोही नसेल तर साखरेची जुनी युक्ती आहे. साखर साधारण 186 अंशांना वितळते. ओव्हन नीट तापू द्यायचा, मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर पंधरा मिनिटं आत ठेवायची. डायल 175 वर असताना ती वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. 190 वर ठेवूनही कोरडीच राहिली तर कमी तापतोय. एवढ्या तपासणीवर घरगुती काम सहज भागतं.

दुसरी गोष्ट ट्रेची. सोबत काळा ट्रे मिळतो. काळा पत्रा उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे वरून कुकी अजून फिकी आणि खालून करपलेली असा प्रकार होतो. मी भांडी बाजारातून साधा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आणला, त्यावर बटर पेपर. फरक पहिल्याच खेपेला कळला. मधल्या खणात ठेवायचा, दोन्ही रॉड चालू, आणि अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायचा, कारण मागची बाजू नेहमीच जास्त तापते.

आता मालाकडे येऊ, कारण कुकी बिघडते ती बहुतेक वेळा तिथे. दुकानात सहज मिळतात ते पटकन शिजणारे ओट्स, पातळ लाटलेले आणि बारीक तुटलेले. नाश्त्याला ठीक, पण कुकीत त्यांचा लगदा होतो आणि चावताना काही लागत नाही. पाकिटावर ‘रोल्ड ओट्स’ असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या. दाणा वाफवून चपटा केलेला असतो, अखंड दिसतो. स्टील कट ओट्स म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे, ते या कामाला नकोत, बारा मिनिटांत ते शिजत नाहीत. रोल्ड ओट्स कढईत मंद आचेवर कोरडे भाजून घेतले की खमंग वास येतो. ही पायरी बऱ्याच पाककृतींत नसते, पण रव्याच्या लाडवांसाठी रवा भाजणाऱ्या घरात ती कोणाला वेगळी सांगावी लागत नाही.

आणि बेदाणा. इथे नाशिकला राहण्याचा खरा फायदा आहे, जरी बेदाण्याची मोठी बाजारपेठ तिकडे सांगली-तासगावकडे असली तरी. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या जिल्ह्यातला बराचसा माल ताजा खायला आणि निर्यातीला जातो. तरी निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे बेदाणा करणारे आहेत, आणि माझा मामेभाऊ उगावला आहे, त्यामुळे आमच्या घरी तो पिशवीने येतो. द्राक्षाची साखर 22 ब्रिक्सच्या (रसाच्या गोडीचं माप) वर गेली की घड काढायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवायचे आणि शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत पसरायचे. या द्रावणाने सालीवरच्या मेणाच्या थरातून पाणी बाहेर पडायला वाट होते, नाहीतर द्राक्ष सुकायला कितीतरी जास्त दिवस लागले असते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. मार्चमध्ये अवकाळी आला की शेडमधला माल काळवंडतो, आणि मग मामेभावाला फोन करायची माझी हिंमत होत नाही.

कुकीला कोणता? हिरवट लांब बेदाणा दिसायला देखणा, चवीला थोडा आंबूस, आणि मला तोच आवडतो, कारण साखरेच्या गोडीला तो तोडतो. पिवळाधमक हा बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो. चवीला वाईट नाही, पण वास येत असेल तर कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्या. काळ्या मनुका घ्यायच्या तर बिनबियांच्या, बी दाताखाली आली की कुकीची सगळी मजा जाते. ज्यांचं कोणी शेतात नाही त्यांनी रविवार कारंजाकडच्या दुकानांत सुटा बघून, चाखून घ्यावा. मॉलमधल्या बंद पाकिटात हाताला काय लागणार? बेदाणा बोटात दाबला की मऊ लागला पाहिजे. दगडासारखा झालेला स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि काड्या निवडा. हे काम मुलीला दिलं की ती अर्धे बेदाणे निवडता निवडताच खाते, तेवढे जास्त मोजावे लागतात.

बेदाणे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यावर अगदी कोरडे करून घालायचे. कोरडा बेदाणा पिठातलं पाणी ओढून घेतो आणि ओव्हनमध्ये वर आलेला दाणा फुगून करपतो, कडू लागतो. म्हणून गोळा वळताना बाहेर डोकावणारे दाणे मी आत दाबून टाकतो. पाण्याऐवजी संत्र्याच्या रसातही भिजवून बघितले. छान लागतात, पण बेदाण्याची स्वतःची चव मागे पडते. घरच्या बेदाण्याला ते नकोच.

माझं प्रमाण असं स्थिरावलं आहे: बटर 100 ग्रॅम, साखर सव्वाशे ग्रॅम, एक अंडं, मैदा 90 ग्रॅम, ओट्स 130, बेदाणे 110, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, तेवढीच दालचिनी पूड, थोडा व्हॅनिला. पिवळं खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. परदेशी पाककृतींत ब्राउन शुगर सांगतात. ती म्हणजे मळी चिकटलेली ओलसर साखर, आणि त्या ओलाव्यानेच कुकी मधे मऊ राहते. आपल्याकडे त्या नावाखाली बऱ्याचदा जाड खडे मिळतात, ते नीट विरघळत नाहीत. मी साध्या पिठीसाखरेत मोठा चमचाभर काकवी कालवतो. रंग येतो, ओलावा येतो आणि वासही. नुसत्या गुळाच्या पावडरीनेही केल्या, पण त्या लवकर काळसर होतात आणि चव गुळपापडीकडे झुकते. आईला त्याच जास्त आवडल्या, ते वेगळं.

तुपात करू का, असं बायकोच्या मैत्रिणी विचारतात. करा, पण मग ती नानकटाईच होते. बटरमध्ये पाण्याचा अंश असतो, तुपात जवळजवळ नसतोच, म्हणून कुकी खुसखुशीत आणि भुसभुशीत होते, चिवट-मऊ राहत नाही. मैद्याऐवजी कणीक चालते. फक्त ती जास्त पाणी पिते, तेव्हा पीठ तासभर झाकून ठेवायचं. चतुर्थी-एकादशीचा हिशेब ठेवणाऱ्या घरात अंड्याचा प्रश्न येतोच. मोठा चमचाभर जवस भाजून बारीक करून तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत होतं, ते अंड्याच्या जागी घालायचं. बांधणी चांगली होते, कुकी थोडी कमी फुगते, आणि जवसाची चटणी खाणाऱ्यांना ती चव परकी वाटत नाही. दही घालून बघा असंही सांगतात. मला त्यात केकचा पोत आला, पुन्हा केलं नाही.

कृतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बटर-साखर लाकडी चमच्याने हलकं होईपर्यंत घोटायचं, बीटर लागत नाही. अंडं, मग कोरडे जिन्नस, शेवटी ओट्स आणि बेदाणे. खरी खुबी पुढे आहे, पीठ फ्रीजमध्ये ठेवण्यात. रात्रभर ठेवलं तर ओट्स ओलावा पितात, चव मुरते आणि कुकी कमी पसरते.

हे थंड करणं ऋतूप्रमाणे बदलतं आणि इतक्या महिन्यांत सर्वात जास्त शिकायला मिळालं ते इथेच. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हा नाशिक शहरातही बटर सकाळी काढलं तर दुपारपर्यंत घट्टच. तेव्हा फ्रीजची गरज जवळपास नाही, उलट बटर किसणीवर किसून घेतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की बटर घोटायच्या आधीच पातळ. त्या दिवसांत पीठ फ्रीजमधून काढून सरळ ट्रेवर, आणि दुसरा ट्रे भरेपर्यंत उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये. पहिला ट्रे गरम असताना त्यावरच दुसरी खेप ठेवू नका, गोळा भट्टीत जाण्याआधीच बसतो.

भाजायला 10 ते 12 मिनिटं. कडा सोनेरी आणि मधला भाग अजून कच्चा वाटतो तेव्हाच बाहेर काढायची. गरम ट्रेवर पाच मिनिटांत ती आपोआप शिजून घट्ट होते. मधोमध रंग येईपर्यंत वाट पाहिली तर थंड झाल्यावर कडक बिस्किट मिळतं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या एअर फ्रायरमध्ये करून बघितल्या. एका वेळी चार-पाचच बसतात आणि पंख्याच्या वाऱ्याने वरचा भाग लवकर कोरडा होतो. तापमान कमी ठेवलं तर चालतं. कढईत मीठ तापवून नानकटाई जमते, पण या कुकीला तिथली वरची उष्णता पुरत नाही, वरून रंग येत नाही.

खर्च सांगायचा तर वरच्या प्रमाणात तीस-तीस ग्रॅमच्या वीसेक होतात. बेदाणा विकत धरला, बटरचे साठेक रुपये धरले, तर एक कुकी आठ रुपयांच्या आसपास पडते. वीज फार जात नाही. पूर्वतापन आणि दोन ट्रे मिळून पाऊण युनिट. 16 अँपिअरचा सॉकेट मात्र हवा, मल्टीप्लगवर हे यंत्र लावू नका, हे मेंटेनन्सवाला म्हणून सांगतो.

पावसाळ्यात आठवणीने करायचं काम म्हणजे डबा. काकवी आणि बेदाणे हवेतला ओलावा ओढतात, श्रावणात उघड्या बशीतली कुकी संध्याकाळपर्यंत लिबलिबीत होते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आणि कुकी पूर्ण गार झाल्यावरच आत. आठवडाभर चांगल्या राहतात. आम्ही आता सगळ्या एकदम भाजतच नाही. गोळे वळून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवतो, पाहुणे आले की सहा-आठ काढायचे आणि तसेच थंड भाजायचे, फक्त दोन मिनिटं जास्त. मधे वीज गेली तर ट्रे आतच राहू द्या, दार उघडू नका. तापलेल्या ओव्हनमध्ये बरंचसं काम होऊन जातं, आणि वीज आल्यावर काचेतून कडांचा रंग बघत बसायचं.