जिप्सीच्या शाफ्टचा क्रॉस: निपलचा घ्यावा की सीलबंद?

मारुती जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटून देणारी पेटी) वेगवेगळे बसवलेले असल्यामुळे त्या दोहोंना जोडणारा एक आखूड, पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा एक आणि मागच्याकडे जाणारा एक, असे तीन शाफ्ट गाडीखाली असतात. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात बसणारा फुलीच्या आकाराचा भाग म्हणजे क्रॉस; त्याच्या चारही टोकांवर बारीक सुयांच्या बेअरिंगचे कप असतात. रिव्हर्स टाकून क्लच सोडताना खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला किंवा क्रॉसच्या कपाभोवती विटकरी रंगाची कोरडी भुकटी दिसली, की आतल्या सुया कोरड्या पडल्या असे समजावे.

निपलच्या (ग्रीसगन लावायची तोटी असलेल्या) क्रॉसमध्ये ग्रीससाठी आतून भोके पाडलेली असतात, त्यामुळे तो त्याच मापाच्या सीलबंद क्रॉसपेक्षा थोडा कमी भक्कम असतो, हे खरे. परंतु ओढ्यातून किंवा खाचरातल्या चिखलातून गाडी काढल्यावर चारही कपांच्या कडांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन मारली, तर आत शिरलेले पाणीही त्याबरोबर बाहेर पडते. सीलबंद क्रॉसमध्ये ही सोय नाही. सीलमधून एकदा पाणी गेले की सुया आतल्या आत गंजत राहतात. उलट, ज्याची गाडी बहुतेक डांबरी रस्त्यावरच फिरते आणि ज्याला आपली ग्रीसगन कुठे ठेवली आहे हेही आठवत नाही (असे मालक थोडे नाहीत), त्याने सीलबंदच घ्यावा, कारण निपल असूनही ग्रीस न मिळालेला क्रॉस दोन्हींहून वाईट. कोकणात पावसाळा काढणाऱ्या जिप्सीला मी निपलचाच बसवीन.

नुसता क्रॉस बदलायचा की अख्खा शाफ्ट, हे मात्र जुना क्रॉस निघाल्यावरच ठरवावे. नवा कप योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) कानात नुसत्या बोटाने आत सरकत असेल, तर कान झिजलेला आहे आणि तिथे कोणताही क्रॉस टिकणार नाही, शाफ्टच बदलावा. कान शाबूत असतील, तर कप हातोड्याने न ठोकता प्रेसवर किंवा वाइसमध्ये दाबून बसवावेत. कप जागेवर धरणारे लॉक खाचेत बसत नसेल, तर बहुधा एखादी सुई आडवी होऊन कपाच्या तळाशी पडलेली असते. अशा वेळी जोर न लावता कप परत काढावा. आणि शाफ्टचे दोन भाग सुटे करण्याआधी दोहोंवर पंचने खूण करावी, कारण जोडताना स्प्लाइनचा (दोन भाग एकमेकांत बसवणाऱ्या दात्यांचा) एक दात जरी चुकला, तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस असूनही गाडी थरथरते.