पर्वरीचं स्किन क्लिनिक: सरबत मस्त, डॉक्टर गायब

नाव मुद्दाम लिहीत नाही, गोव्यात हायवेला लागून आहे, बोर्डवर 'मेडिकल स्पा' असं मोठ्ठं लिहिलंय. वहिनीला चवथीआधी कपाळावरच्या रेघांसाठी बोटॉक्स करायचं होतं, मी सोबत. पुलाच्या कामाच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन पोचलो तर आत गारेगार एसी, कोकम सरबत, रिसेप्शनच्या पोरी गोड, त्यात काही बोलायलाच जागा नाही. रेट युनिटवर (म्हणजे औषधाच्या मापावर), जीएसटी वेगळा हे मात्र अ‍ॅडव्हान्स घेतल्यावर सांगितलं.

आतल्या खोलीत पांढरा कोट घातलेली एक बाई आली आणि ट्रेमध्ये सिरिंज आधीच भरलेली! वहिनीने विचारलं बाटली दाखवा, तर म्हणे "परवाच ओपन केलीय मॅम, फ्रिजमध्येच असते." अगो बाई, बोटॉक्स येतं पावडर म्हणून, ती सलाईनमध्ये कालवली की २ ते ८ डिग्रीत ठेवून २४ तासांत संपवायची असं बोटॉक्सच्या लीफलेटवरच छापलेलं असतं. आणि भरून ठेवलेल्या सिरिंजमध्ये युनिट किती आणि पाणी किती ते कोणी मोजायचं, पैसे तर आपण युनिटचे देतोय.

मग मी रजिस्ट्रेशन नंबर विचारला. डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवरसुद्धा टाकायचा, हा नियम २००२ पासूनचा आहे, मी काय जगावेगळं मागितलं नाही. भिंतीवर होतं दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट, सोनेरी फ्रेममध्ये. "मेन सर बुधवारी मुंबईहून येतात." मग आज सुई कोण टोचणार? त्यावर नुसतं हसू.

पंचायतीचं ट्रेड लायसन्स काउंटरमागे दिमाखात लावलंय, पण क्लिनिक म्हणून नोंदणी विचारली तर "प्रोसेसमध्ये आहे." गोव्याचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटचा, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा २०१९ चा, अजून प्रोसेसच चाललीय? मला वाटतं ह्यांना पक्कं माहितीय की तपासायला कोणी येत नाही, पार्लर म्हणावं तर सुया, क्लिनिक म्हणावं तर डॉक्टर नाही, आणि विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे कटकट. वर जाता जाता वहिनीला ओठांच्या फिलरची, म्हणजे ओठ भरीव दिसायच्या इंजेक्शनची ऑफर! फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तो विरघळवायचं इंजेक्शन हाताशी ठेवता का म्हटलं, तर पोरगी मॅनेजरकडे बघायला लागली.

अ‍ॅडव्हान्स परत मिळाला नाही, क्रेडिट नोट दिली. वहिनी त्यावर क्लीनअप करून आली, ते खरंच छान करतात.